जुन्या इंग्रजी चित्रांतला बिननावाचा माणूस: आजचे चित्रकार त्याचं काय करतात, आणि मी काय करू?

रेघारेघांची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. मी कोल्हापूरची, चित्रकला इथंच शिकले, सध्या शाळेत शिकवते आणि रात्री घर झोपलं की स्वतःचं काम करते. गेल्या पावसाळ्यात एका रद्दीवाल्याकडं जुन्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकातलं एक सुटं पान मिळालं, तारखेचा कोपरा फाटलेला. घाटातलं दृश्य आहे, कडा, झाड, घोड्यावर साहेब, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक माणूस, डोक्यावर गाठोडं, कमरेला फडकं. खाली छापलेल्या ओळीत साहेबाचं नाव आहे, घाटाचं आहे, आणि आपला माणूस 'एक नेटिव्ह'. कडा किती उंच ते कळावं म्हणून उभा केलाय असं वाटतं.

मी ते पान घरी आणून नुसतं कॉपी करायला बसले, हात बसावा म्हणून. तीन रात्री केलं आणि तिसऱ्या रात्री हातानंच मला सांगितलं की काहीतरी गडबड आहे. साहेबाच्या चेहऱ्यावर छपाईचा ठसा कोरणाऱ्यानं जवळजवळ रेघच मारलेली नाही, कागद कोरा सोडलाय, तोच उजेड. आणि गाठोडंवाल्याच्या अंगावर आडव्या-उभ्या रेघांचं जे शेडिंग आहे ते हुबेहूब मागच्या दगडावरचं. तीच जाडी, तेवढंच अंतर, कलही तोच. म्हणजे कोरताना त्याच्यासाठी वेगळा विचारच केलेला नाही, दगड संपला आणि माणूस सुरू झाला एवढंच. नुसतं बघून हे मला महिनाभर दिसलं नव्हतं, काढताना दिसलं.

त्यानंतर बाकीचे चित्रकार अशा चित्रांचं काय करतात ते शोधत गेले. न्यूझीलंडच्या माओरी कलावंत लिसा रेहाना यांचं काम बघून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. १८०४-०५ साली फ्रान्समध्ये जोसेफ दुफूरच्या कारखान्यानं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी एक वॉलपेपर छापला, पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचा, कॅप्टन कुकच्या प्रवासवर्णनांवरून. सगळे ग्रीक पुतळ्यांसारखे उभे, कपडेही तसलेच. रेहानांनी तो सगळा देखावा लांबलचक व्हिडिओ करून हलता केला आणि त्यात खऱ्या बेटांवरची खरी माणसं आणली, ती नाचतात, भांडतात, व्यापार करतात, कुकही मरतो. २०१७ ला व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात न्यूझीलंडतर्फे हेच काम होतं. मागचा निसर्ग तसाच गोड, फक्त माणसं आता सजावट म्हणून उभी राहत नाहीत.

मला पुढच्या वर्षी शाहू स्मारकच्या कलादालनात मांडता येतील अशी दहाबारा चित्रं करायचीयत, या गाठोडंवाल्यावरून. पण करू काय? तेच चित्र परत काढू? साहेब खोडू? माणूस मोठा करू? जे काय करीन ते त्याला परत एकदा वापरल्यासारखंच वाटतंय. तुमचं काय मत?

खासबाग

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. ताई, तुम्ही धरून चाललाय की कोरणारा हात साहेबाचा होता. तुमच्या पानाबाबत बरोबर असेलही, साप्ताहिकांचे ठसे लंडनमध्येच कोरले जायचे आणि कोरणाऱ्यानं घाट कधी बघितलेलाही नसायचा, समोर कुणाचं तरी स्केच असायचं फक्त. पण सगळीकडं तसं नव्हतं.

पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा ब्रिटिश रेसिडेंट होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ ला मुंबईत उतरला आणि पुढं पुण्याला आला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र त्याचंच. या लोकांबरोबर गंगाराम चिंतामण तांबट नावाचा आपला माणूस काम करायचा. वेरूळची लेणी त्यानं काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. तो गेंडा बघाच, कातडीच्या घड्या अशा काढल्यात की माणूस समोर बसून जनावर न्याहाळत होता हे लगेच कळतं. वेल्स १७९५ ला वारला आणि १८०३ ला थॉमस डॅनियलनं वेरूळची २४ दृश्यं लंडनमध्ये छापली, वेल्सच्या चित्रांवरून. त्या कामात गंगारामचाही हात होता पण पुस्तक ओळखलं जातं ते या दोन साहेबांच्या नावानं. गंगारामची मूळ चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्याकडं शंभरातल्या नव्वद चित्रकारांना हे नाव माहीत नाही, मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि वाईट वाटलं.

सांगायचं एवढंच की 'त्यांनी आपल्याला काढलं' हे अर्धंच खरं. बऱ्याच वेळा आपणच काढलं आणि त्यांनी सही केली. त्यामुळं साहेब खोडायच्या आधी चित्रात आपला हात कुठं आहे ते शोधा असं वाटतं.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

विषय चांगला आहे पण थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. डॅनियलची अॅक्वाटिंट छपाई (धातूच्या पत्र्यावरून जलरंगासारख्या छटा छापायची पद्धत) मी मुलांना तीस वर्षं दाखवली, त्यातला उजेड आणि हवा शिकण्यासारखीच आहे. साहेबानं काढलं म्हणून वाईट असं म्हणायला लागलो तर आपण स्वतःचं किती टाकून देणार? आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा दोन्ही मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं बांधले आणि कोल्हापूरचा माणूस पाव्हण्याला पहिल्यांदा तेच दाखवायला नेतो. आपले चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथलं शिक्षण इंग्रजी पद्धतीचंच होतं. तीच पद्धत घेऊन त्यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा जो उजेड पकडला तो एकाही इंग्रजाला पकडता आलेला नाही. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, परत एकदा जाऊन निवांत बघा. माझ्या मते उत्तर द्यायचं तर असं द्यावं, समोरच्याच्या चित्राकडं पाठ करून आपलं चांगलं काम करावं.

रेघारेघांची

सर, राग कसला, तुमच्यासारख्यांकडूनच शिकलोय. आबालालांची ती पाण्यावरची चित्रं मीही तासन् तास बघितलीयत. पण एक विचारते, ते ज्या जे. जे. मध्ये शिकले तिथल्याच जॉन ग्रिफिथ्सनी १८७२ पासून दहाबारा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करवल्या. उन्हाळा, वटवाघळं, अंधार, मुलं चढून काढत होती. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याच जळाल्या. पुढं जाडजूड ग्रंथ निघाला त्यावर नाव ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बोमनजींचं नाव तरी राहिलं, बाकीच्या मुलांचं काय? पाठ करून चांगलं काम करणं मला पटतं सर, पण त्या मुलांकडं पाठ करवत नाही.

कात्यायनी_रोड

मँटचा विषय निघालाच आहे तर फ्लॉरेन्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपले राजाराम महाराज (शाहू महाराजांच्या आधीचे) युरोपच्या प्रवासाला गेले होते आणि परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. जेमतेम विशीतला मुलगा. दहन तिथंच नदीकाठी झालं आणि १८७४ ला त्या जागी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्री याच मँटची. म्हणजे आपला टाऊन हॉल आणि तिकडची छत्री एकाच माणसाच्या कागदावरून आली. फ्लॉरेन्सचे लोक त्याला 'इंदियानो' म्हणतात, शेजारच्या पुलाचंही नाव तेच पडलं.

मला त्यात खुपतं ते हे, तुमच्या गाठोडंवाल्याला नाव नाही ते एकवेळ समजलं, गरीब होता. पण कोल्हापूरच्या गादीवरचा राजासुद्धा तिकडं शेवटी 'भारतीय' एवढाच उरला. कोण चित्रकार यावर काम करील तर मी स्वतः पदरचे पैसे घालायला तयार आहे, मनापासून सांगतोय.

पन्हाळावारा

बाप रे, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

रंकाळ्याचा_गडी

लई भारी धागा ताई. पण कसंय, आपल्या गावानं या प्रश्नाचं उत्तर कवाच दिलंय न्हवं. विल्सनचा पुतळा आठवा. मुंबईचा गव्हर्नर, त्येचा पुतळा गावाच्या ऐन मधी. ४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी त्येच्यावर अॅसिड आणि डांबर ओतलं, पोलिसांच्या डोळ्यादेखत म्हणा की. फुडं तो फोडलाच आणि आज तिथं आपल्या महाराजांचा अर्धपुतळा हाय, शिवाजी चौक. आजी सांगायची, त्या दोघींचं नाव घेताना तिचा आवाज बदलायचा. आता तुमी मोठी मोठी लोकं याला चळवळ म्हणता, पण मला वाटतं डांबर ओतणं हे बी चित्रच हुतं. विल्सनचा चेहरा काळा करून त्येनी सांगितलं की हा चेहरा आमी बघणार न्हाई. तवा साहेब खोडायला कशाला घाबरताय, खोडा की!

आणि नावाचंच म्हणाल तर चपलांचं बघा. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (ह्या भागाचीच वस्तू म्हणून सरकारी शिक्का) मिळाला, आणि २०२५ ला मिलानच्या शोमधी प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. हिकडं बोंब झाली तवा मान्य केलं की कोल्हापुरीवरनं घेतलंय म्हणून. दोनशे वर्सं झाली, चित्र असू दे न्हाईतर चप्पल, नाव सांगायला बोंबच मारावी लागती.

खासबाग

@रंकाळ्याचा_गडी, भावा, एक गोष्ट बघितलीस का? गंगाराम तांबट आणि भागीरथीबाई तांबट. दीडशे वर्षांचं अंतर, नातं काही असेल असं मी म्हणत नाही, पण एका तांबटानं साहेबासाठी चित्र काढलं आणि एका तांबटीणबाईनं साहेबाचा पुतळा पुसला. वाचताना अंगावर काटा आला.

माळावरची_झाडं

मी वनस्पतिशास्त्रवाली, चित्रातलं फार कळत नाही पण आमच्याकडंही हाच घोळ आहे म्हणून लिहिते. दापोडीला, पुण्याजवळ, कंपनीची वनस्पतिबाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक असताना १८४७ ते १८५० च्या दरम्यान तिथल्या झाडांची सुंदर रंगीत चित्रं करून घेतली गेली, आज ती एडिंबरोच्या वनस्पतिबागेत आहेत. काढणारा पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, नाव नाही. झाडाला लॅटिन नाव, बागेला नाव, साहेबाला नाव. ज्यानं पाकळीवरची शीर काढली तो बिननावाचा. मी ती चित्रं स्क्रीनवर मोठी करून बघते तेव्हा पानाची कड ज्या नाजूकपणानं ओढलीय तिथं थांबतेच.

आणि याच्या उलटंही एक आहे, ते मला फार आवडतं. 'होर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा डच गव्हर्नर व्हान रीडचा ग्रंथ, १६७८ ते १६९३, आम्स्टरडॅम, १२ खंड. त्याच्या पहिल्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तिघा कोंकणी भटांचं पत्र नागरी लिपीत छापलंय, त्यांच्या नावांसकट, की आम्ही एवढं एवढं काम केलं. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचंही निवेदन आहे. म्हणजे नाव छापायची सोय तेव्हाही होती. नंतर ज्यांनी छापलं नाही त्यांना जमत नव्हतं असं नाही, गरज वाटली नाही.

फिल्मरोल

फोटोग्राफीच्या बाजूनं. बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांचं काम बघितलंय का? क्लेअर आर्नी या फोटोग्राफरबरोबर २००० ते २००४ मध्ये केलेली मालिका आहे, दक्षिण भारतातल्या 'नेटिव्ह' बायका आणि त्यांच्या चालीरीती अशा जुन्या एथ्नोग्राफिक (जातीजमातींची वर्णनं करणाऱ्या) थाटाच्या नावाची. त्यात त्या स्वतःच पोशाख करून उभ्या राहतात, देवी, नटी, आणि निलगिरीतल्या तोडा जमातीची एक बाई. तोडा बाई काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पडद्यासमोर उभी आहे. हा पडदा खरोखर वापरायचे, माणसाच्या अंगाची मापं फोटोवरून काढता यावीत म्हणून. १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनं 'भारतातले लोक' या अर्थाचे आठ खंड काढले, साडेचारशेच्या वर फोटो, जातीजमातींची जंत्री. पुष्पमाला त्या पडद्यासमोर स्वतःचं अंग उभं करतात, दुसऱ्या कुणाचं वापरत नाहीत. रेघारेघांचीताई, तुमची अडचण हीच आहे ना, की त्याला परत वापरल्यासारखं होतंय? मग त्याच्या जागी तुम्ही स्वतः का उभ्या राहत नाही?

रेघारेघांची

@फिल्मरोल, हे वाचून सकाळपासून विचार करतेय. गाठोडं डोक्यावर घेऊन आरशासमोर उभी राहून बघितलं, खरंच. मान किती ताठ ठेवावी लागते ते कळलं. त्या चित्रात मान वाकलेली आहे. वजन घेतलेला माणूस मान वाकवूच शकत नाही, गाठोडं पडेल. म्हणजे कोरणाऱ्यानं वजन उचललेला माणूस कधी बघितलाच नव्हता, किंवा वाकलेली मान त्याला साहेबासमोर शोभली. एवढी साधी गोष्ट आणि दीडेकशे वर्षं तसाच वाकून उभा आहे तो.

हजेरीपुस्तक

मी फार लिहीत नाही इथं. वरच्या खंडांचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. माझे आजोबा ज्या समाजातले त्यावर इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्यानं (पहिला १८७१ चा) गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. रोज पोलिसांपुढं हजेरी. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरी बंद केली आणि आमच्या लोकांना कामं दिली, म्हणून आमचं घर कोल्हापुरात आहे. आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. पण आमच्या समाजाचे फोटो आणि चित्रं तिकडच्या पुस्तकात आहेत, उघडे, भेदरलेले, खाली जातीचं नाव.

काही वर्षांपूर्वी एका शहरात एका प्रदर्शनात असं चित्र भिंतभर मोठं करून लावलेलं बघितलं. काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, बाजूला कायद्याचा निषेध लिहिलेला. पण माझी मुलगी बरोबर होती, नऊ वर्षांची. तिनं विचारलं बाबा हे आपण आहोत का. मला उत्तर देता आलं नाही आणि आम्ही बाहेर आलो. निषेधाची पाटी ती वाचणार नव्हती, तिनं चित्र बघितलं.

तुम्हा चित्रकारांना एवढंच सांगणं, मोठं करण्याआधी विचारा. विचारायला आम्ही आहोत, मेलेलो नाही.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

दोनदा वाचलं. मी वर लिहिलं होतं की चांगलं काम करावं आणि पुढं जावं. त्यात ही नऊ वर्षांची मुलगी माझ्या डोळ्यांपुढं नव्हती. माझं म्हणणं अपुरं होतं.

फिल्मरोल

@हजेरीपुस्तक, लिहिलंत हे फार बरं केलंत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकार कारा वॉकर यांच्यावरही त्यांच्याच समाजातून हीच टीका झाली होती, की गुलामगिरीच्या काळातली विद्रूप चित्रं तुम्ही परत का आणता. त्यांची २००५ ची १५ छापचित्रं आहेत, यादवी युद्धाच्या एका जुन्या सचित्र इतिहासातली चित्रं मोठी करून त्यावर काळ्या सपाट सावल्या छापलेल्या. मूळ चित्रात काळी माणसं जवळजवळ नाहीतच, त्यांनी ती सावली म्हणून आणली आणि ती सावली सेनापतींना झाकते. तिथं जुनं चित्र मोठं होतं पण त्यातल्या दुबळ्याचा अपमान मोठा होत नाही असं मला वाटतं. तरी पटलं नाही असे लोक होते आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं.

रंकाळ्याचा_गडी

हजेरीपुस्तक दादा, वाचून गलबललं. मी वर खोडा म्हणलो, ते साहेबाला म्हणलो हुतो. आपल्या माणसाला कसं दाखवायचं ते मला बी सांगता येईना.

रेघारेघांची

चार दिवस काही लिहिलं नाही, काम करत होते. हजेरीपुस्तक दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. माझ्या गाठोडंवाल्याची जात कुठं लिहिलेली नाही, पण तो कुणाचा तरी आजोबा असणारच. मोठा करायचा विचार मी पूर्ण सोडला.

आता असं चाललंय. घाट, कडा, झाड, साहेब सगळं मूळ मापात जसंच्या तसं काढते, एकही रेघ न बदलता, साहेबाचा कोरा चेहराही तसाच. माणसाची जागा फक्त त्याच्या कडेनं रिकामी सोडते. तो स्वतः दुसऱ्या कागदावर येतो, मान ताठ, आणि त्याच्या अंगावर दगडाच्या रेघा नाहीत, अंगाच्या वळणानं जाणाऱ्या रेघा आहेत, खांद्यावरून दंडाकडं, पोटरीच्या गोलाव्यानं. यासाठी शेजारच्या बाजारात हमाली करणाऱ्या एका मामांना विचारलं, ते तयार झाले, रोजच्या मजुरीइतके पैसे ठरवूनच बसवलं. चित्राखाली त्यांचं नाव हवं का विचारलं तर म्हणाले घाला की, बापाचं बी घाला. सगळी बारा चित्रं अशी होतील असं नाही, पहिलं तरी असं आहे. झालं की इथं सांगीन, आणि दादा, भिंतीवर लागायच्या आधी तुम्ही आणि मुलगी येऊन बघाल का? नको म्हणालात तरी चालेल.

एक अडचण आहे. हे मला तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करूनच (आम्लानं रेघा खोदून) छापायचंय, झिंकवर रेघ तेवढी बारीक टिकत नाही. कोल्हापुरात चांगला सपाट तांब्याचा पत्रा कुठं मिळतो?

खासबाग

माझ्या ओळखीचे एक तांबट काका आहेत, घागरी आणि बंब करतात अजून. पत्रा त्यांच्याकडं मिळेल आणि ठोकून सपाटही करून देतील. व्यनि (खाजगी निरोप) करतो. किती जाडीचा पाहिजे ते सांगा.

हजेरीपुस्तक

येऊ. मुलगी आता अकरावीत आहे, तीही चित्रं काढते.

रेघारेघांची

@खासबाग, दीड मिलिमीटर. बारा पत्रे, ए-फोरपेक्षा थोडे मोठे. आणि दादा, तिला एक पत्रा जास्तीचा मागवते.